पेसमेकर बसवून पुन्हा कारखान्यात: भट्टी, वेल्डिंग आणि मॅग्नेट यांच्याजवळ काम करताना

बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्री आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये सुरक्षेचे काम पाहताना मला हा विषय पहिल्यांदा पुस्तकातून कळला नाही. येळ्ळूरकडचा एक वेल्डर दोन महिन्यांच्या रजेनंतर कामावर रुजू झाला आणि तिसऱ्या दिवशी, वेल्डिंगची केबल डाव्या खांद्यावरून टाकून मचाणावर काम करत असताना, त्याच्या डोळ्यांपुढे दोनदा अंधारी आली. त्याला खाली उतरवून शर्टाची बटणे सोडली तेव्हा डाव्या कॉलरबोनखाली ताज्या शस्त्रक्रियेचा व्रण दिसला. पेसमेकरचे ओळखपत्र त्याच्या पाकिटात होते, पण ते आमच्यापैकी कोणीही पाहिलेले नव्हते. विचारल्यावर तो म्हणाला, "मी सांगितलो नाही साहेब. सांगितलो असतो तर गेटवरच थांबविले असते की."

त्याची भीती खोटी नव्हती, पण त्याने लपविलेली गोष्टच त्या दिवशी सर्वांत धोक्याची ठरली. आमच्या भागातील बहुतेक कामे पेसमेकर असलेल्या माणसाला अंतर राखून करता येतात. काही मोजकी कामे मात्र त्याने अजिबात करू नयेत. यांतील फरक अंतर मोजायची टेप, ओळखपत्र आणि डॉक्टरांचा एक कागद यांच्या आधारे ठरतो, आणि या तीन गोष्टी कामगार व मालक दोघांनाही ठाऊक असतील तरच तो ठरू शकतो. खालील मार्गदर्शन त्यासाठी आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही, डॉक्टरांना नेमके काय विचारायचे ते सांगते.

यंत्र फसते म्हणजे काय होते

पेसमेकर सतत हृदयाचे विद्युत संकेत ऐकत असतो. हृदयाचा ठोका आपोआप पडला तर तो गप्प बसतो, आणि ठोका चुकला तर स्वतः लहानसा विद्युत झटका देऊन तो पाडतो. हे संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचे असतात. बाहेरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे किंवा अंगातून वाहणाऱ्या गळतीच्या करंटमुळे पेसमेकरपासून हृदयापर्यंत गेलेल्या तारेत तेवढाच व्होल्टेज निर्माण झाला, तर यंत्राला तो हृदयाचाच ठोका वाटू शकतो. मग ते झटका देणे थांबवते. ज्याचे हृदय पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहे त्याला अशा वेळी काही सेकंदांत चक्कर येते.

आय.सी.डी. नावाचे दुसरे यंत्र असते. हृदयाची गती जीवघेणी वाढली तर ते जोरदार शॉक देऊन ती थांबवते. त्याला फार बारीक संकेत ऐकावे लागतात, त्यामुळे त्याची संवेदनशीलता बहुधा ०.३ मिलिव्होल्टच्या आसपास ठेवलेली असते, म्हणजे पेसमेकरपेक्षा बरीच तीव्र. बाहेरचा गोंधळ त्याला हृदयाची वेडीवाकडी धाव वाटला तर ते शुद्धीवर असलेल्या माणसाला विनाकारण शॉक देते. छातीवर घोड्याची लाथ बसावी तसा तो शॉक लागतो, असे अनुभवी रुग्ण सांगतात. हा माणूस शिडीवर किंवा चालू लेथसमोर उभा असेल तर पुढे काय होईल ते वेगळे सांगायला नको.

कायमच्या चुंबकाचा परिणाम वेगळा असतो. या यंत्रांत चुंबक ओळखणारा एक स्विच मुद्दाम ठेवलेला असतो, कारण डॉक्टरांना तपासणीच्या वेळी त्याचा उपयोग होतो. जोरदार चुंबक छातीजवळ आला की पेसमेकर साधारणपणे हृदयाचे ऐकणे सोडून ठरलेल्या गतीने झटके देऊ लागतो, आणि आय.सी.डी. मात्र आपला शॉकचा उपचार तेवढ्यापुरता बंद ठेवतो. काही आय.सी.डी. अशा वेळी बीप असा आवाज देतात, काही देत नाहीत. माणसाला काहीही जाणवत नाही, आणि म्हणूनच मला हा प्रकार चक्कर येण्यापेक्षा अधिक वाईट वाटतो. चुंबक दूर गेला की दोन्ही यंत्रे सहसा आपल्या मूळ कामावर परततात.

१९५८ साली स्वीडनमध्ये पहिला पेसमेकर शरीरात बसवला गेला, तेव्हापासून ही यंत्रे कितीतरी सुधारली आहेत. आताच्या यंत्रांना टायटॅनियमचे कवच असते, आत फिल्टर असतात, आणि सततचा गोंधळ ओळखून सुरक्षित गतीवर जाण्याची सोय असते. मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. कारखान्यातील काही ठिकाणे मात्र या सुधारणांच्याही पलीकडची आहेत.

रुजू होण्यापूर्वी करायची कामे

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर पहिली गोष्ट तिच्यापूर्वीच सांगावी: आपण काय काम करतो आणि कोणत्या हाताने करतो. यंत्र बहुधा डाव्या बाजूला बसवतात. वेल्डर किंवा ग्राइंडर चालवणारा डावखुरा असेल, तर ते उजव्या बाजूला बसवता येईल का याचा विचार डॉक्टर करू शकतात. टाके सुटल्यानंतर ही संधी उरत नाही. त्याच वेळी तार द्विध्रुवी म्हणजे बायपोलर असेल का, हेही विचारावे. एकध्रुवी तारेच्या व्यवस्थेत संकेत तारेचे टोक आणि यंत्राचे कवच यांच्यामध्ये मोजला जातो, त्यामुळे बाहेरच्या क्षेत्राला पकडणारा वेढा मोठा होतो. बायपोलर तारेत दोन्ही ध्रुव टोकाजवळ असल्याने तो अगदी लहान राहतो.

घरी सोडताना मिळणाऱ्या ओळखपत्रावर यंत्राचा प्रकार, मॉडेल आणि बसविल्याची तारीख असते. ते इंग्रजीत असते. आमच्याकडे सुपरवायझर कन्नड बोलतो, कामगार मराठी, आणि भट्टीवरची बरीच मुले बिहार-ओडिशाकडून आलेली असतात. त्यामुळे मी प्रत्येकाला एक साधा कागद तयार करायला लावतो: एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी आणि खाली हिंदीतील दोन ओळी. त्यात "माझ्या छातीत हृदयाचे यंत्र आहे", यंत्राचा प्रकार, डॉक्टरांचा फोन आणि घरचा फोन एवढेच लिहावे. ओळखपत्राची रंगीत प्रत आणि हा कागद प्लास्टिकमध्ये घालून गळ्यातील कंपनीच्या कार्डामागे ठेवावा. कार्डाची क्लिप मात्र चुंबकाची नसावी.

पहिल्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे लिहून घ्यावीत. माझे हृदय यंत्रावर पूर्णपणे अवलंबून आहे की यंत्र फक्त अधूनमधून मदत करते? तार एकध्रुवी आहे की द्विध्रुवी? माझ्या कामाच्या यंत्रांसाठी उत्पादकाने किती अंतर सांगितले आहे? आणि मी कामावर गेल्यानंतर यंत्राची नोंद पुन्हा कधी तपासायची? डॉक्टरांकडे जाताना कामाचे वर्णन लिहून न्यावे. "कंपनीत काम करतो" एवढे सांगितले तर डॉक्टर "जड काम करू नका" एवढेच सांगतील. "तीनशे ॲम्पियरचे वेल्डिंग, दिवसाला चार तास, केबल १० मीटर" असे लिहून नेले तर उत्तरही तसेच नेमके मिळते. मशीनच्या प्लेटचा फोटो सोबत असला तर उत्तम.

तार हृदयात पक्की बसेपर्यंत, साधारणपणे चार ते सहा आठवडे, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये आणि जड उचलू नये. विद्युतचुंबकीय क्षेत्राशी याचा संबंध नाही, पण मोल्डिंग बॉक्स उचलणाऱ्याच्या बाबतीत तार सरकण्याचा धोका याच दिवसांत अधिक असतो.

अंतराचा हिशेब

आमच्या वेल्डरच्या बाबतीत काय घडले असावे, ते साध्या गुणाकार-भागाकाराने समजते. एका लांब सरळ केबलभोवतीचे चुंबकीय क्षेत्र मायक्रोटेस्लामध्ये काढायचे असेल, तर करंटच्या ॲम्पियरला मीटरमधील अंतराने भागावे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा ५ ने भागावे. १६० ॲम्पियरची केबल ६० सेंटिमीटरवर असेल तर उत्तर सुमारे ५३ येते. तीच केबल खांद्यावरून छातीपासून १० सेंटिमीटरवर आली की उत्तर ३२० होते. मशीन तेच, माणूस तोच, करंटही तोच.

आता या आकड्यांची तुलना कशाशी करायची? बिगर-आयनीकारी प्रारणांविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१० साली ५० हर्ट्झसाठी कामगारांकरिता १,००० मायक्रोटेस्ला आणि सर्वसाधारण लोकांकरिता २०० मायक्रोटेस्ला अशी मर्यादा सांगितली. पण या मर्यादा निरोगी शरीरासाठी आहेत. शरीरातील यंत्र त्यांच्या आतही फसू शकते, आणि नेमके येथेच अनेक सुरक्षा अधिकारी चुकतात. "आमचे रीडिंग मर्यादेत आहे" हे वाक्य पेसमेकरवाल्याच्या उपयोगाचे नाही. अमेरिकेतील शासकीय औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने पेसमेकर असलेल्या कामगारासाठी ५०-६० हर्ट्झला १०० मायक्रोटेस्ला आणि स्थिर चुंबकासाठी ०.५ मिलिटेस्ला, म्हणजे ५ गॉस, अशी वेगळी मर्यादा सुचविलेली आहे. आमच्या शेडमध्ये आम्ही हेच आकडे पाळतो.

जाणारी आणि परत येणारी केबल एकमेकींना चिकटून असतील तर दोन्हींचे क्षेत्र विरुद्ध दिशेचे असल्याने बरेचसे नाहीसे होते, आणि अंतर वाढेल तसे फार वेगाने घटते. पुढील बहुतेक सूचना याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

हा हिशेब अंदाजासाठी आहे. प्रत्यक्ष मोजणीसाठी गॉसमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरण, भाड्याने मिळतो. मोबाइलवरचे "चुंबक मोजणारे" ॲप त्यासाठी वापरू नये. मोबाइलमधला सेन्सर होकायंत्रासाठी बनवलेला असतो. ५० हर्ट्झचे बदलते क्षेत्र त्याला नीट दिसत नाही आणि भट्टीचे तर अजिबातच नाही. एका तरुण इंजिनिअरने मला असे ॲप दाखवून भट्टीजवळ सगळे ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता. त्या क्षणी भट्टी फुल पॉवरवर होती.

वेल्डिंग

यंत्र बसवलेल्याने पुन्हा वेल्डिंग करण्यापूर्वी डॉक्टरांची लेखी परवानगी घ्यावी. आय.सी.डी. असल्यास ती मिळेलच असे गृहीत धरू नये. परवानगी मिळाली तरी अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत करंटची मर्यादा १६० ॲम्पियरच्या आसपास आणि ठिणगी व केबल यांपासून छातीचे अंतर ६० सेंटिमीटर सांगितलेले असते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत याहून कडक सूचना असेल तर तीच पाळावी. ६० सेंटिमीटर म्हणजे हात जवळजवळ सरळ करून धरलेला होल्डर. जॉबवर ओणवे होऊन, मान घालून वेल्डिंग करण्याची सवय असलेल्याला हे जड जाते, म्हणून जॉब उंच टेबलावर घेऊन उभ्याने काम करावे.

अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेच्या शक्य तितका जवळ लावावा. आमच्याकडे क्लॅम्प शेडच्या खांबाला लावून शेडभर काम करण्याची वाईट चाल आहे. अशा वेळी परतीचा करंट कुठून वाहतो ते कोणालाच ठाऊक नसते, आणि वेल्डर दोन वाटांच्या मधोमध उभा असतो. होल्डरची केबल आणि अर्थची केबल एकत्र टेपने गुंडाळून, दोन्ही अंगाच्या एकाच बाजूने, यंत्राच्या विरुद्ध बाजूने न्याव्यात. केबल खांद्यावर, मानेभोवती किंवा कमरेला कधीही अडकवू नये. केबलचे जास्तीचे वेढे जवळ गोळा करून त्यावर बसू नये, कारण वेढ्यांमुळे क्षेत्र अनेक पटींनी वाढते. वेल्डिंग मशीन स्वतः दीड मीटरपेक्षा दूर असावे.

रॉड पेटत नसेल तर तो ठकठक आपटत राहू नये. दोन प्रयत्नांमध्ये सुमारे १० सेकंद थांबावे. लागोपाठच्या छोट्या ठिणग्या यंत्राला वेगाने पडणाऱ्या ठोक्यांसारख्या भासतात, आणि आय.सी.डी.च्या बाबतीत तेच शॉकचे कारण होऊ शकते. याच कारणासाठी टॅक मारण्याचे, म्हणजे तुकडे जागेवर धरायला छोटे-छोटे टाके देण्याचे, काम दुसऱ्याकडे द्यावे. टिग वेल्डिंगमध्ये उच्च वारंवारितेने ठिणगी पेटवण्याची सोय बंद करून स्पर्शाने पेटवण्याची पद्धत वापरावी, आणि तीही डॉक्टरांना विचारूनच. स्पॉट वेल्डिंगमध्ये करंट हजारो ॲम्पियरचा असतो, त्यामुळे ते काम आणि कास्टिंग साफ करताना केले जाणारे कार्बन आर्क गाउजिंग, म्हणजे ठिणगीने धातू वितळवून खरवडणे, सोडून द्यावे. चारशे ॲम्पियरची केबल ६० सेंटिमीटरवर ठेवली तरी वरचा हिशेब १३३ सांगतो.

हातमोजे आणि बूट कोरडे असावेत. खानापूरच्या बाजूला आणि बेळगावात पावसाळ्यात शेडची जमीन आठवडेच्या आठवडे ओली असते. अशा वेळी मशीनच्या अंगातून येणारी बारीक झिणझिणी आपण "जरा करंट मारतोय" म्हणून सोडून देतो. पेसमेकर असलेल्याच्या बाबतीत हाताला जाणवतही नाही एवढा गळतीचा करंट यंत्राला फसवायला पुरेसा होऊ शकतो. त्याच्या सर्व मशीनच्या अर्थिंगची तपासणी करून ३० मिलिॲम्पियरचे गळतीरोधक स्विच बसवावेत. शेतावरच्या पंपाच्या स्टार्टरलाही हाच नियम लागू आहे. आमचे निम्मे कामगार शिफ्ट संपल्यावर शेतातच जातात, आणि तिथला स्टार्टर बहुधा पत्र्याच्या गंजक्या पेटीत असतो.

वेल्डर एकटा नसावा. त्याच्या छातीत काय आहे हे ठाऊक असलेला आणि मशीनचा स्विच कुठे आहे हे माहीत असलेला माणूस आवाजाच्या टप्प्यात असावा.

इंडक्शन भट्टी

बेळगावच्या फौंड्रीतील इंडक्शन भट्ट्या साधारणपणे काही शे ते हजार हर्ट्झच्या मध्यम वारंवारितेवर चालतात. तारेत निर्माण होणारा व्होल्टेज वारंवारितेच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ५०० हर्ट्झचे क्षेत्र ५० हर्ट्झच्या तेवढ्याच क्षेत्राच्या दहापट व्होल्टेज निर्माण करते. त्यामुळे वर सांगितलेली १०० मायक्रोटेस्लाची मर्यादा भट्टीला लावणे चुकीचे आहे. तिथे उत्पादकाने त्या वारंवारितेसाठी दिलेला आकडाच ग्राह्य धरावा, आणि तो मिळेपर्यंत पेसमेकर किंवा आय.सी.डी. असलेल्याने भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर चढू नये. स्लॅग काढणे, धातूच्या तपासणीसाठी नमुना घेणे, तापमान पाहणे यासाठी माणूस भट्टीभोवतीच्या तांब्याच्या कॉइलवर वाकतो, तेव्हा छाती आणि कॉइल यांच्यातील अंतर हाताच्या लांबीपेक्षाही कमी असते.

प्लॅटफॉर्म सर्वांना दिसतो, पण त्यामागची जागा कोणाच्या लक्षात येत नाही. पॅनेलपासून कॉइलकडे जाणाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या केबल आणि तांब्याच्या पट्ट्या यांतून हजारो ॲम्पियर वाहतात, आणि त्यांच्या मागची अरुंद वाट अनेक शेडमध्ये चहाच्या टपरीकडे जाण्याचा जवळचा रस्ता झालेली असते. डिसेंबरच्या थंडीत रात्रपाळीची मुले तिथे ऊब घेत टेकून उभी असतात. ती वाट साखळी लावून बंद करावी. मोजणी करताना भट्टी पूर्ण पॉवरवर असावी, कारण धातू नुसता राखून ठेवलेला असताना कॉइलचा करंट बराच कमी असतो आणि रीडिंग खोटा दिलासा देते. इंडक्शन हार्डनिंगचे मशीन आणि बेअरिंग गरम करण्याचे इंडक्शन हीटर यांनाही हेच लागू आहे. निपाणी, चिकोडी, अथणी भागातील साखर कारखान्यांत गळीत हंगामाआधीच्या दुरुस्तीत असे हीटर सर्रास वापरतात आणि ते लहान दिसतात म्हणून फिटर त्यांच्यावर वाकून उभा राहतो. अशा हीटरवर बहुधा पेसमेकरच्या मनाईचे चिन्ह छापलेले असते, ते वाचावे.

पायात रॉड, मांडीत प्लेट किंवा गुडघ्याचा कृत्रिम सांधा असलेल्यांचे काय, असे नेहमी विचारले जाते. टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोम आणि शस्त्रक्रियेसाठी वापरले जाणारे स्टेनलेस स्टील यांना चुंबक फारसा ओढत नाही. या माणसांना वेल्डिंगची बंदी नाही. भट्टीच्या कॉइलजवळ मात्र त्या धातूत करंट निर्माण होऊन तो तापू शकतो. बोटातील अंगठी किंवा हातातील कडे भट्टीजवळ कोमट लागते, तेच आतल्या प्लेटचे होते, फक्त आतली प्लेट काढून ठेवता येत नाही. त्या जागी ऊब किंवा ठणका जाणवला तर ताबडतोब दूर व्हावे आणि ते काम पुन्हा करू नये.

चुंबक

सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकचे क्षेत्र पृष्ठभागावर जोरदार असते आणि काही सेंटिमीटरमध्ये झपाट्याने घटते. चालवणाऱ्याला उभ्याने काम करताना त्रास होण्याची शक्यता कमी असते, धोका जॉब बसवताना चकवर ओणवे होण्यात आहे. डायल गेजचा चुंबकी स्टँड, खाली पडलेला स्क्रू उचलायची चुंबकी कांडी आणि स्क्रूड्रायव्हरचे चुंबकी बिट छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत. ते शर्टाच्या खिशात टाकण्याची मशीनिस्टची जुनी सवय मोडावी लागते. मोबाइलसाठीही तेच अंतर पाळावे: तो वरच्या खिशात ठेवू नये आणि विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा.

क्रॅक तपासण्याचे मॅग्नाफ्लक्स बेंच, जॉबचे चुंबकत्व काढणारा डिमॅग्नेटायझर आणि भंगार उचलणारा क्रेनचा लिफ्टिंग मॅग्नेट यांच्याजवळ यंत्र असलेल्याने जाऊच नये. वाळूच्या प्लांटमध्ये परतीच्या वाळूतून लोखंड वेगळे करणारा मॅग्नेट आणि साखर कारखान्यात उसाच्या कॅरिअरवर लोखंडाचे तुकडे पकडणारा मॅग्नेट हे दोन्ही विसरले जातात, कारण ते उंचावर असतात. पण साफ करायला चढणारा माणूस त्यांच्या अगदी पोटाखाली जातो.

चुंबकाचा प्रश्न केवळ हृदयाच्या यंत्रापुरता नाही. कॉक्लियर इम्प्लांटमध्ये त्वचेखाली स्वतःचाच चुंबक असतो, इन्सुलिन पंप जोरदार चुंबकाजवळ बिघडू शकतो, आणि मेंदूतील पाणी काढण्यासाठी बसवलेल्या काही शंटच्या झडपेची सेटिंग चुंबकाने बदलते. शंट असलेल्याला नंतर डोकेदुखी, उलटी किंवा गुंगी आली तर झडप तपासून घ्यावी.

बाकीचे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. हातड्रिल आणि हॅण्ड ग्राइंडर छातीपासून १५ सेंटिमीटर, पेट्रोल इंजिनाची चालू इग्निशन ३० सेंटिमीटर आणि घरची इंडक्शन शेगडी ६० सेंटिमीटर दूर ठेवावी. सांबरा विमानतळावरील किंवा न्यायालयातील सुरक्षा चौकटीतून नेहमीच्या चालीने जावे, तिथे टेकून उभे राहू नये आणि हातातला डिटेक्टर छातीवर फिरवू देऊ नये. सबस्टेशनच्या कुंपणाआत वायरमन किंवा लाईनमन म्हणून काम असेल तर तो निर्णय मोजणी आणि डॉक्टर यांच्यावर सोडावा.

पहिला आठवडा आणि वाईट प्रसंग

रुजू झाल्यावर पहिले काही दिवस माणसाला त्याच्याच विभागात, पण शिडी, मचाण आणि फिरत्या मशीनपासून दूर काम द्यावे. शक्य असल्यास एका पूर्ण शिफ्टमध्ये त्याला २४ तासांचा होल्टर, म्हणजे हृदयाचे ठोके सतत नोंदवणारे अंगावरचे यंत्र, लावून घ्यावा, आणि त्यानंतर डॉक्टरांकडून यंत्रातील नोंद तपासून घ्यावी. यंत्र बाहेरचा गोंधळ वेळेसह नोंदवून ठेवू शकते. कोणत्या वेळी आपण कुठे होतो हे कामगाराने वहीत लिहिले असेल, तर दोष कोणत्या मशीनचा ते लगेच सापडते. आमच्या वेल्डरच्या बाबतीत अशी वही नव्हती, त्यामुळे वर "घडले असावे" असे मला लिहावे लागले.

चक्कर, धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी त्या जागेपासून दूर व्हावे आणि मशीन बंद करावे. बहुतेक वेळा दूर होताच यंत्र पूर्ववत होते, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आय.सी.डी.चा एकच शॉक बसला आणि माणूस ठीक असेल तर डॉक्टरांना फोन करावा. दोन किंवा अधिक शॉक बसले, किंवा एका शॉकनंतर छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल, तर १०८ ला फोन करावा. हा क्रमांक कर्नाटकात तसाच सीमेपलीकडे महाराष्ट्रातील शिनोळीच्या कारखान्यांतही चालतो. माणूस बेशुद्ध पडला असून नीट श्वास घेत नसेल तर छाती दाबण्याचा प्रथमोपचार नेहमीप्रमाणे सुरू करावा. यंत्र आहे म्हणून थांबू नये, आणि यंत्राने शॉक दिला तरी दाबणाऱ्याला फार तर हलकी झिणझिणी जाणवते. बाहेरचे शॉक देणारे यंत्र उपलब्ध असेल तर त्याचे पॅड छातीतील यंत्राच्या फुगवट्यावर न लावता त्यापासून सुमारे ८ सेंटिमीटर दूर लावावे.

मालकांसाठी

युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात शरीरात यंत्र असलेल्या कामगारांचा स्वतंत्र विचार करण्याचे बंधन मालकावर घातलेले आहे. तशीच पद्धत आपल्याकडे स्वतःहून पाळायला कोणाची आडकाठी नाही. भरतीच्या आणि रजेवरून परतल्याच्या वेळी आरोग्याच्या अर्जात "शरीरात कोणतेही यंत्र किंवा धातू आहे का" हा प्रश्न कन्नड आणि मराठी दोन्हींत विचारावा, आणि त्याच अर्जावर "होय लिहिल्यामुळे काम जाणार नाही, काम बदलू शकते" हे वाक्य मालकाच्या सहीने छापावे. ते वाक्य नसेल तर प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. फौंड्रीत कोअर शॉप, पॅटर्न शॉप, तपासणी, स्टोअर आणि डिस्पॅच ही कामे भट्टीपासून दूर असतात, आणि वीस वर्षे वेल्डिंग केलेल्या माणसाइतका चांगला वेल्ड तपासणारा दुसरा मिळत नाही. ज्यांचा मासिक पगार २१,००० रुपयांच्या आत आहे त्यांनी आपले ई.एस.आय. कार्ड चालू आहे ना हे पाहावे, म्हणजे तपासणीच्या फेऱ्यांचा खर्च अंगावर पडत नाही.

आय.एस.ओ. ७०१० या सुरक्षा चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकात हृदयाचे यंत्र असलेल्यांना मनाई करणारे चिन्ह पी ००७ आणि धातूचे इम्प्लांट असलेल्यांना मनाई करणारे चिन्ह पी ०१४ असे ठरलेले आहे. भट्टी, मॅग्नाफ्लक्स आणि हार्डनिंगच्या दारावर ही चिन्हे लावून खाली "पेसमेकर असलेल्यांनी आत येऊ नये" आणि "पेसमेकर इद्दवरु ओळगे बरबारदु" असे दोन्ही भाषांत लिहावे. यात भाषेचा वाद आणू नये. बेशुद्ध पडलेल्या माणसाला पाटी कोणत्या भाषेत होती याने फरक पडत नाही, पडण्यापूर्वी मात्र पडतो.

मोजणीत जिथे मर्यादेचा आकडा येतो तिथे जमिनीवर पिवळा पट्टा मारावा आणि त्यावर मोजणीची तारीख लिहावी. भट्टीची कॉइल बदलली, पॅनेल मोठे बसवले किंवा केबलचा मार्ग फिरवला की पट्टा जुना झाला असे समजावे. आमच्याकडे खंडेनवमीच्या आधी सगळ्या मशीन धुऊन-रंगवून घेतात, म्हणून आम्ही वर्षाची मोजणीही त्याच आठवड्यात ठेवली आहे. पूजेसाठी भट्टी बंद होण्यापूर्वी, ती फुल पॉवरवर असताना, आधी गॉसमीटर फिरतो आणि मग रंगाचा ब्रश.